उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय एकमेकांशी जुळत का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बायबलमधल्या उत्पत्ति या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग मासे आणि पक्षी, मग जनावरं आणि शेवटी स्त्री-पुरुष एकदमच निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात मात्र शेतात झुडूपही उगवलेलं नसताना पुरुष घडवला जातो, त्यानंतर बागेतली झाडं, त्यानंतर प्राणी आणि सर्वांत शेवटी स्त्री. शिवाय सूर्य चौथ्या दिवशी केला, तर आधीचे तीन दिवस मोजले कशावरून? ही खरी विसंगती की वाचणाऱ्याची गफलत?

दोन्ही. या यादीत वेगवेगळ्या जातीच्या अडचणी एकत्र बांधलेल्या आहेत, म्हणून कोणतंही एकच उत्तर पुरं पडत नाही. काही अडचणी भाषांतराने तयार केल्या, काही अध्यायांच्या आकड्यांनी, काही मांडणीला रोजनिशी समजल्यामुळे झाल्या. हे सगळं बाजूला केल्यावरही एक अडचण शिल्लक राहते, आणि ती शिल्लक राहू द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक अडचण सुटी करून, तिचं कारण कोणतं ते ठरवून मगच निकाल द्यायला हवा.

सुरुवात छेद कुठे घ्यायचा इथून करा. सात दिवसांची कथा पहिल्या अध्यायाबरोबर संपत नाही. ती २:३ ला, म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात, सातव्या दिवसाच्या विसाव्यावर संपते. अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते. आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, स्टीफन लँग्टन यांच्या नावावर असलेली. त्या विभागणीने सातवा दिवस कापून दुसऱ्या अध्यायात ढकलला. हिब्रू हस्तलिखितांत मात्र प्रत्येक दिवसानंतर मोकळी जागा सोडून परिच्छेद तोडण्याची रीत आहे, आणि तशीच मोकळी जागा २:३ नंतर आहे. तुलना करायची ती १:१ ते २:३ आणि २:४ पासून तिसऱ्या अध्यायाच्या अखेरपर्यंत, या दोन तुकड्यांची.

२:४ मध्ये ‘आकाश व पृथ्वी यांची तोलदोथ’ असे शब्द आहेत. तोलदोथ म्हणजे एखाद्यापासून पुढे जे उपजलं त्याची हकीकत, वंशवृत्तांत. हेच सूत्र पुढे नोहा, शेम, तेरह, इश्माएल, इसहाक, एसाव, याकोब यांच्या नावाने येतं आणि तिथे ते पुढच्या मजकुराचं शीर्षक असतं. तेरहाची तोलदोथ म्हणून जे सुरू होतं ती त्याच्या मुलाची, अब्राहामाची कथा असते. तेव्हा आकाश-पृथ्वीची तोलदोथ म्हणजे आकाश-पृथ्वी कशी झाली याची पुन्हा सांगितलेली गोष्ट नसून, ती झाल्यावर तिच्यातून पुढे काय निघालं याची गोष्ट. अनेक अभ्यासक या वचनाचा पहिला अर्धा भाग आधीच्या कथेचा समारोप मानतात. मला शीर्षकाची बाजू भक्कम वाटते, कारण बाकी ठिकाणी हे सूत्र शीर्षकाचंच काम करतं. त्याच वचनाच्या दुसऱ्या अर्ध्यात क्रमही उलटतो: आधी ‘आकाश व पृथ्वी’, मग ‘पृथ्वी व आकाश’. कथेची नजर वरून खाली, मातीवर येते.

आता पहिला तुकडा. १:२ मध्ये पृथ्वीचं वर्णन ‘तोहू वा-वोहू’ असं आहे, म्हणजे आकार नसलेली आणि ओसाड. पुढचे सहा दिवस या दोन उणिवांवर बेतलेले दिसतात. पहिल्या तीन दिवसांत आकार मिळतो: उजेड आणि अंधार वेगळे होतात, वरचं आणि खालचं पाणी वेगळं होतं, जमीन समुद्रातून वेगळी होऊन हिरवी होते. पुढच्या तीन दिवसांत तीच घरं त्याच क्रमाने भरली जातात. पहिल्या दिवसाच्या उजेडाला चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. दुसऱ्या दिवसाच्या पाण्याला आणि अंतराळाला पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी. तिसऱ्या दिवसाच्या जमिनीला सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस. कामं एकूण आठ आहेत आणि दिवस सहा, म्हणून तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी दोन-दोन कामं बसवली आहेत. ही मांडणी आहे, दिनदर्शिका नव्हे.

सूर्याचा प्रश्न इथेच सुटतो, पण सोपी पळवाट घेऊ नका. एक लोकप्रिय स्पष्टीकरण असं, की सूर्य पहिल्यापासूनच होता, चौथ्या दिवशी ढग किंवा धुकं निवळून तो दिसू लागला. मजकूर हे म्हणत नाही. १:१६ मध्ये क्रियापद आहे ‘केल्या’. ‘दिसू लागणे’ हे क्रियापद लेखकाकडे होतं आणि त्याने ते १:९ मध्ये वापरलंही आहे: कोरडी जमीन ‘दृष्टीस पडो’. सात वचनं आधी वापरलेला शब्द इथे त्याने वापरला नाही, म्हणजे त्याला तो नको होता.

त्याला काय हवं होतं ते शब्दांच्या निवडीवरून कळतं. सूर्याला हिब्रूत ‘शेमेश’ आणि चंद्राला ‘यारेअह’ असे साधे रोजचे शब्द आहेत. ते दोन्ही टाळून तो ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ म्हणतो. शेजारच्या बाबिलोनी लोकांत शमाश हा सूर्यदेव होता आणि त्याची पूजा होत असे. इथे सूर्याचं नावही घेतलेलं नाही. उजेड त्याच्यावर अवलंबून नाही. त्याला दिवस, ऋतू आणि वर्षं दाखवण्याचं काम नेमून दिलं आहे. उजेड आधी आणि सूर्य नंतर, हा क्रम जाणूनबुजून ठेवलेला आहे. प्राचीन माणसाच्या निरीक्षणाशीही तो विसंगत नाही: झुंजुमुंजू होतं तेव्हा उजेड असतो, सूर्य अजून वर यायचा असतो. हा प्रश्न विज्ञान आल्यावर उपटला असंही समजू नका. सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस झाला असं समजूतदार माणूस मानील का, असं ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकातच विचारलं होतं.

जुन्या वाचकांना या अडचणी दिसत होत्या याचा सर्वांत चांगला पुरावा जुन्या प्रतींतच सापडतो. ‘ते चांगले आहे’ हे पालुपद पहिल्या तुकड्यात सात वेळा येतं, पण दुसऱ्या दिवशी येत नाही आणि तिसऱ्या दिवशी दोनदा येतं. कारण बहुधा असं, की पाणी वेगळं करण्याचं काम तिसऱ्या दिवशी पुरं होतं. अर्धवट कामाला ‘चांगले’ म्हणायचं नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात हे पुस्तक ग्रीकमध्ये नेणाऱ्यांना ही उणीव खटकली असावी, कारण ग्रीक प्रतीत १:८ मध्ये दुसऱ्या दिवशीही ‘चांगले’ आहे. तसंच २:२ चं. हिब्रू प्रत म्हणते, देवाने आपलं काम ‘सातव्या दिवशी’ संपवलं. मग सातव्या दिवशीही थोडं काम केलं की काय? ग्रीक, शोमरोनी पंथाच्या आणि सुरियानी भाषेतल्या प्रतींत तिथे ‘सहाव्या दिवशी’ आहे. अशा वेळी पाठचिकित्सेचा, म्हणजे प्रती ताडून मूळ शब्द ठरवण्याचा, नियम सोपा आहे: नकलणारा किंवा भाषांतर करणारा अवघड वाक्य सोपं करतो, सोपं वाक्य अवघड करत नाही. म्हणून ‘सातव्या’ हाच पाठ जुना मानावा. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या पाळणुकीचं मूळ २:२ आणि २:३ या दोन वचनांत आहे. सातव्या दिवसाबद्दलच्या शब्दाला इतकी धार का, हे त्यावरून कळावं.

दुसऱ्या तुकड्याकडे वळताना पहिली गोष्ट लक्षात घ्या, की जमीनच वेगळी आहे. पहिल्यात सुरुवातीला पाणी फार आहे आणि जमीन बाहेर काढावी लागते. दुसऱ्यात जमीन आहे आणि पाणी नाही. झाडांची विसंगती या कोरड्या जमिनीवरच सुटते. २:५ मध्ये ‘झाडं’ असा सरसकट शब्द नाही. दोनच गोष्टी नाहीत असं म्हटलं आहे: ‘सीअह हस्सादे’, म्हणजे रानातलं झुडूप, आणि ‘एसेव हस्सादे’, म्हणजे शेतातलं पीक. लगेच दोन कारणं दिली आहेत: पाऊस पडला नव्हता आणि जमीन कसायला माणूस नव्हता. कारणं त्याच क्रमाने लावून पाहा. रान आपोआप उगवतं ते पावसाने. पीक उगवतं ते कसणाऱ्यामुळे. जिरायत शेती पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘एसेव हस्सादे’ पुढे ३:१८ ला येतं, काटेकुसळांच्या शेजारी, आणि लगेच ३:१९ मध्ये घाम गाळून भाकरी खाण्याची गोष्ट आहे. म्हणजे २:५ शेती सुरू होण्याआधीची स्थिती सांगतं, पहिल्या अध्यायातली वनस्पती नाकारत नाही. २:९ मध्ये उगवलेली झाडं तर एका बागेपुरती, नदीच्या पाण्यावरची. ‘एरेत्स’ या शब्दाचा अर्थ पृथ्वी असा होतो तसा मुलूख असाही होतो, हेही इथे ध्यानात ठेवावं.

यहूदी भाष्यकारांचं उत्तर थोडं निराळं आहे. तालमूद या यहूदी धर्मचर्चेच्या ग्रंथातलं मत असं, की तिसऱ्या दिवशी अंकुर जमिनीच्या तोंडाशी येऊन थांबले, आदामाने पावसासाठी प्रार्थना केल्यावर ते वर आले. राशी नावाचे मध्ययुगीन भाष्यकार (१०४०–११०५) हे मत देतात. देखणं आहे, पण १:१२ मध्ये भूमीने हिरवळ ‘उपजवली’ असं स्पष्ट लिहिलं असताना ते मजकुरात नसलेली पायरी घालतं.

पक्ष्यांची अडचण तर निव्वळ भाषांतराची. अनेक भाषांतरांत १:२० असं वाचलं जातं, की पाण्याने जलचर आणि पक्षी उत्पन्न करावेत. २:१९ मध्ये पक्षी मातीचे. तालमूदमध्येही हा प्रश्न येतो आणि पक्षी चिखलातून झाले असं उत्तर दिलं जातं, म्हणजे पाणीही आणि मातीही. पण १:२० ची हिब्रू वाक्यरचना पाहिली तर तिथे दोन सुटी वाक्यं आहेत: पाणी जिवांनी गजबजो, आणि पक्षी पृथ्वीवर उडोत. पक्षी कशाचे केले हे तिथे सांगितलेलंच नाही.

आता खरी अडचण: प्राणी. २:१८ मध्ये परमेश्वर म्हणतो, माणूस एकटा असावा हे बरं नाही, मी त्याच्यासाठी साजेसा साथीदार करीन. २:१९: आणि त्याने मातीपासून पशू आणि पक्षी घडवले आणि माणसापुढे आणले. २:२०: त्यांत त्याला साजेसा कोणी सापडला नाही. मग स्त्री. इथे क्रम माणूस, प्राणी, स्त्री असा आहे. पहिल्या तुकड्यात प्राणी आधी.

नेहमीचा उपाय असा, की ‘घडवले’ ऐवजी ‘घडवले होते’ वाचायचं. काही इंग्रजी भाषांतरं तसंच करतात. मराठी वाचकाला हा फरक चटकन कळतो, कारण मराठीत ‘घडवले’ आणि ‘घडवले होते’ ही रूपं वेगळी आहेत. हिब्रूत त्या दुसऱ्या अर्थासाठी वेगळं रूप नाही, पण वाक्य फिरवून तो अर्थ देता येतो. कथेची साखळी क्रियापदाने चालते: आणि म्हणाला, आणि घडवलं, आणि आणलं. ‘आधीच झालेलं होतं’ असं सांगायचं असेल तर लेखक ही साखळी तोडतो, कर्त्याला पुढे आणतो आणि क्रियापदाचं दुसरं रूप वापरतो. ३१:३४ पाहा: लाबान तंबू धुंडाळतोय आणि मध्येच येतं, ‘राहेलीने तर त्या मूर्ती घेतल्या होत्या’. तिथे नेमकी हीच रचना आहे. २:१९ मध्ये ती नाही. क्रियापद साखळीतच आहे. अशा साखळीतल्या क्रियापदालाही संदर्भ पाहून भूतपूर्व अर्थ देता येतो असं मानणारे व्याकरणकार आहेत, पण संदर्भ इथे उलट्या बाजूने साक्ष देतो: ‘करीन’ म्हटल्यावर लगेच जे घडवलं ते त्या ‘करीन’चंच पहिलं पाऊल असणार.

दुसरा उपाय उम्बेर्तो कास्सुतो या अभ्यासकाचा: हे प्राणी बागेसाठी वेगळे घडवले; २:१९ मध्ये पाळीव गुरांचा उल्लेख नाही, तो थेट २:२० मध्ये येतो, म्हणजे गुरं आधीच होती. हा बारकावा खरा आहे आणि हा उपाय पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे. ग्रीक भाषांतरातही २:१९ ला ‘आणखी’ असा शब्द घातलेला आढळतो, म्हणजे हीच कल्पना दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचली होती. पण हिब्रू प्रतीत तो ‘आणखी’ नाही. म्हणून माझा निकाल असा: दोन्ही तुकडे घटनाक्रम म्हणून वाचले तर प्राण्यांचा क्रम जुळत नाही. तो जुळवण्यासाठी मजकुरात काहीतरी घालावं लागतं.

स्त्री-पुरुषांबाबत अडचण यापेक्षा हलकी आहे. १:२७ ‘नर व नारी अशी ती निर्माण केली’ एवढंच सांगतं. एकाच क्षणी की एकामागून एक, ते सांगत नाही. राशी इथे जुना नियम लावतात: आधी सर्वसाधारण विधान आणि मागून त्याच गोष्टीचा तपशील. मिद्राशात, म्हणजे जुन्या यहूदी भाष्यकथांत, आणखी एक वाचन आहे, की पहिला माणूस दोन तोंडांचा होता आणि मग तो दुभंगला. ते वाटतं तितकं मनचं नाही. आपण ‘फासळी’ म्हणतो त्या ‘त्सेला’ शब्दाचा अर्थ इतरत्र बहुतेक ‘बाजू’ असाच होतो. निर्गम २६:२० मध्ये निवासमंडपाच्या बाजूला हाच शब्द आहे. दोन तुकड्यांत दोन वेगळ्या स्त्रिया मानून केलेली, लिलिथ या आदामाच्या पहिल्या बायकोची गोष्ट मात्र मध्ययुगातली. तिला उत्पत्तीच्या मजकुरात आधार नाही.

या सगळ्याच्या जोडीला देवाच्या नावांचा फरक येतो. १:१ ते २:३ मध्ये ‘एलोहीम’ ३५ वेळा येतं आणि दुसरं नाव एकदाही नाही. २:४ पासून तिसऱ्या अध्यायाच्या अखेरपर्यंत निवेदक ‘याहवे एलोहीम’ असं जोडनाव वापरतो; मराठीत ‘देव’ आणि ‘परमेश्वर देव’ हा बदल दिसतो. साप आणि स्त्री यांच्या बोलण्यात तेवढं नुसतं ‘देव’ आहे. क्रियापदंही बदलतात. पहिल्यात ‘बारा’, जे देवाच्याच निर्मितीसाठी वापरतात. दुसऱ्यात ‘यात्सर’, कुंभार मातीला आकार देतो तसं घडवणं, आणि स्त्रीसाठी ‘बाना’, बांधणं. या फरकांवरून १७११ मध्ये विटर या जर्मन पाळकाने आणि १७५३ मध्ये झाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने दोन वेगळे मूळ आधार असावेत असं सुचवलं. परंपरा मोशेला या पुस्तकाचा लेखक मानते; आस्त्रुक यांना ते कर्तृत्व नाकारायचं नव्हतं. मोशेने जुने लेख वापरले असं ते म्हणत होते. एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने त्याचं पूर्ण मत बनवलं. नावांचा फरक एकटा पुरेसा पुरावा नाही. पण नाव, क्रियापद, शैली आणि क्रम हे सगळं एकाच जागी, २:४ च्या शिवणीवर बदलतं, आणि ते योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. दोन कथा आहेत असं मानणं मला भाग वाटतं. ज्याने त्या शेजारी ठेवल्या त्याला फरक दिसत नव्हता असं मानणं मात्र मला मुळीच पटत नाही. २:४ चं शीर्षक हा त्याने मुद्दाम घातलेला टाका आहे.

यांच्या जोडीला नेहमी विचारल्या जाणाऱ्या आणखी दोन अडचणी. ‘खाशील त्या दिवशी मरशील’ (२:१७) असं सांगूनही आदाम ९३० वर्षं जगला (५:५), हा भाषेचा प्रश्न आहे. ‘बेयोम’ म्हणजे शब्दशः ‘त्या दिवशी’, पण वापरात ‘तेव्हा’. २:४ मध्येही तोच शब्द आहे. १ राजे २:३७ मध्ये शलमोन राजा शिमी नावाच्या माणसाला हेच शब्द ऐकवतो: ओढा ओलांडशील त्या दिवशी मरशीलच. शिमी गथपर्यंत जाऊन परत येतो आणि त्यानंतर त्याला मारतात. शिक्षा त्या दिवशी पक्की होते, अमलात नंतर येते. आदामाचा मुलगा काइन याला बायको कुठून मिळाली, याबद्दल: आदामाला आणखी मुलगे आणि मुली होत्या असं ५:४ सांगतं. ४:१४ मध्ये काइनाला ‘जो भेटेल तो’ मारील अशी भीती का वाटते, हा त्याहून अवघड प्रश्न आहे, आणि ५:४ ने हिशेब जुळला तरी ती भीती पूर्ण उलगडत नाही.

स्वतः तपासायचं तर असं करा. १:१ ते २:३ आणि २:४ ते २:२५ हे दोन तुकडे दोन कागदांवर उतरवा, अध्याय-वचनांचे आकडे समासात ठेवा. तीन रंग घ्या: एक देवाच्या नावांना, एक निर्मितीच्या क्रियापदांना, एक ‘मग’, ‘तेव्हा’, ‘त्या दिवशी’ अशा काळ दाखवणाऱ्या शब्दांना. पहिल्या वाचनात तिसऱ्या अध्यायाला हात लावू नका, नाहीतर पापाचा विषय घुसतो आणि क्रमाचं काम मागे पडतं. नंतर प्रत्येक विसंगतीखाली दोन ओळी लिहा: मजकुरात काय आहे, आणि मी काय गृहीत धरलं. बहुतेक चुका दुसऱ्या ओळीत सापडतात. किमान दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून केलेलं भाषांतर मिळालं तर तेही घ्या. १:२०, २:२, २:५ आणि २:१९ ही चार वचनं आधी ताडून पाहा. २:१९ ला एका प्रतीत ‘घडवले’ आणि दुसरीत ‘घडवले होते’ असेल, तर तिथे भाषांतरकाराने तुमच्या वतीने निर्णय आधीच घेऊन टाकला आहे. हिब्रूत काय आहे ते वर दिलं आहे.